निर्लेखनाआधी

बॅकअपच्या फोल्डरमध्ये तीस फाइली होत्या. रोज रात्री अडीचची एक, अशा महिनाभराच्या. नावं बरोबर, तारखा बरोबर. वाचनालयाच्या साइटचं होस्टिंग बदलायचं होतं, म्हणून मी त्यातली शेवटची फाइल उतरवायला गेले, तर क्लिक करताक्षणी ती उतरलीसुद्धा. तेरा वर्षांच्या साइटचा डेटाबेस इतक्या पटकन उतरत नाही. आकार पाहिला. एक केबीही नव्हता. आदल्या रात्रीची फाइल पाहिली, तिच्या आदल्या रात्रीची पाहिली. तीसही फाइली तेवढ्याच.

हे सप्टेंबर २०२१ मधलं. कृष्णाकाठच्या एका गावातलं शंभरी ओलांडलेलं सार्वजनिक वाचनालय. लहानपणी मी तिथल्या बालविभागात वाढले. पुढे सांगलीत राहून छोट्या संस्थांच्या वेबसाइट सांभाळायचं काम करू लागले, तेव्हा वाचनालयाची साइटही आपसूकच माझ्याकडे आली. ती माझ्याआधी दोघांच्या हातून गेली होती. बॅकअपची व्यवस्था त्यातल्या दुसऱ्याने लावलेली. मी ती चालू आहे एवढंच पाहत होते. फोल्डर उघडायचं, आजची तारीख दिसते का बघायचं, बंद करायचं. आत काय आहे हे मी एकदाही पाहिलं नव्हतं.

फाइल उघडली तर आत सुरुवातीच्या ठरावीक काही ओळी आणि पुढे काही नाही. कारण शोधायला फार वेळ लागला नाही. डेटाबेसची नक्कल काढणारी मायएसक्यूएलडम्प ही आज्ञा काम सुरू करण्याआधी सगळ्या टेबलांना कुलूप लावते, म्हणजे नक्कल होईपर्यंत त्यात कुणी बदल करू नये. त्यातलं एक जरी टेबल मोडलेलं असेल तर ती तिथेच थांबते, १४५ क्रमांकाची चूक सांगते आणि निघून जाते. चूक ऐकायला रात्री अडीचला कोण असतं? तिच्यामागे जोडलेली जीझिपची आज्ञा तेवढ्याच ओळी इमानेइतबारे आवळून फाइल तयार करते आणि काम यशस्वी झाल्याचं कळवते. वेळापत्रक चालवणाऱ्या क्रॉनच्या लेखी सगळं ठीक. त्यात तीस दिवसांपूर्वीची फाइल रोज पुसण्याचा नियमही होता. म्हणजे रोज एक रिकामी फाइल येत होती आणि रोज एक जुनी, कदाचित भरलेली, जात होती. टेबल मोडून अकरा महिने झाले होते हे पुढे कळलं. चांगली म्हणावी अशी शेवटची फाइल कधीच पुसली गेली होती.

मग डेटाबेस उघडला. पीएचपीमायअॅडमिनमध्ये टेबलांची यादी दिसते, प्रत्येकापुढे किती नोंदी, किती आकार. एकूण एकतीस टेबलं. त्यातली, साइट ज्यावर चालत होती त्या वर्डप्रेसची स्वतःची बारा. उरलेली वेगवेगळ्या प्लगइननी वेळोवेळी उभारलेली. त्यातल्या एकाच ओळीत ना नोंदींची संख्या होती, ना आकार. तिथे फक्त 'इन यूज' असं लिहिलं होतं, म्हणजे वापरात आहे. मोडलेल्या टेबलापुढे हे साधन असंच लिहितं. प्रत्यक्षात ते टेबल चार वर्षं कुणीच वापरत नव्हतं. ज्या प्लगइनने ते बनवलं ते २०१७ मध्येच साइटवरून काढून टाकलेलं होतं.

वर्डप्रेसमध्ये डेटाबेस दुरुस्त करण्याची सोय आहे, २००९ च्या २.९ आवृत्तीपासून. कॉन्फिग फाइलमध्ये एक ओळ घालायची, एक ठरावीक पान उघडायचं आणि बटण दाबायचं. मी दाबलं. सगळी टेबलं ठणठणीत असल्याचं उत्तर आलं. आलं, कारण ते पान आपल्या बाराच टेबलांकडे बघतं. उपऱ्यांची चौकशी ते करत नाही.

होस्टिंगच्या मदतकेंद्राला फोन केला. पलीकडचा मुलगा हुशार होता, दोन मिनिटांत त्याला सगळं कळलं. "मॅडम, जुन्या प्लगइनचं टेबल आहे ते. ड्रॉप करून टाका, आज रात्रीपासून बॅकअप सुरू होईल." त्याचं चुकीचं नव्हतं. असे फोन त्याला रोज येत असणार, आणि बहुतेक वेळा अशा टेबलात जुन्या भेटींचे आकडे किंवा कचरा-मेलच्या नोंदीच असतात. मीही अशी कितीतरी टेबलं डोळे झाकून पुसली आहेत. ड्रॉपची आज्ञा मी लिहिलीही होती. बोट एंटरवर होतं. थांबले ते टेबलाच्या नावात शेवटी असलेल्या 'एंट्रीज' या शब्दामुळे. नोंदी. कुणाच्या नोंदी?

वाचनालयात फोन लावला. ग्रंथपाल बाई मला परकऱ्या वयापासून ओळखतात.

"बाई, साइटवर पूर्वी कसला फॉर्म होता का? लोकांनी भरायचा?"

"अगं, शताब्दीचा नाही का? २०१४ साली. लोकांकडून वाचनालयाच्या आठवणी मागवल्या होत्या आपण. चारशेच्या वर आल्या होत्या."

"त्यांच्या प्रिंट काढल्या होत्या ना?"

"काढल्या होत्या की. फाइल केली होती." मग थोडं थांबून म्हणाल्या, "खालच्या कपाटात होती गं ती."

पुढे विचारायची गरज नव्हती. ऑगस्ट २०१९ च्या पुरात वाचनालयाचा तळमजला चार दिवस पाण्यात होता. पाणी ओसरल्यावर आम्ही जुने सभासद गाळ काढायला गेलो होतो. पुस्तकं एकमेकांना चिकटून त्यांच्या विटा झाल्या होत्या. कपाटांची दारं फुगून उघडत नव्हती. त्या दिवसांतली बाईंची एक गोष्ट मला पक्की आठवते. वरच्या मजल्यावरची दाखल नोंदवही त्यांनी खाली आणून टेबलावर उघडी ठेवली होती, आणि दाखल अंक वाचून वहीत खूण केल्याशिवाय एकही पुस्तक त्या बाहेरच्या ट्रॉलीत टाकू देत नव्हत्या. लगदा झालेला असला तरी. "निर्लेखन व्हायचंय त्याचं," म्हणायच्या. वाचनालयाच्या दप्तरात पुस्तक असं कुणाच्या मनाला आलं म्हणून बाद होत नाही. कोणतं, किती किमतीचं, का बाद, याची यादी होते, ती कार्यकारी मंडळापुढे जाते, ठराव होतो, मग नोंदवहीत त्या अंकापुढे शेरा पडतो. आम्हा गाळ काढणाऱ्यांना तेव्हा तो उगाच खोळंबा वाटला होता.

म्हणजे चारशेवर माणसांनी लिहून पाठवलेला मजकूर आता जगात एकाच ठिकाणी होता. त्या मोडलेल्या टेबलात. आणि सकाळी मी ते पुसायला निघाले होते.

हे टेबल मजकूर साठवण्याच्या मायआयसॅम पद्धतीचं होतं. २०१० साली आलेल्या मायएसक्यूएल ५.५ पासून इनोडीबी ही जास्त भक्कम पद्धत आपोआप वापरली जाते. पण प्लगइन लिहिणाऱ्याने आपल्या आज्ञेतच मायआयसॅम असं नाव घालून ठेवलं होतं. मायआयसॅममध्ये एका टेबलाच्या तीन फाइली असतात. एफआरएम फाइलीत टेबलाचा आराखडा, एमवायडीत प्रत्यक्ष मजकूर आणि एमवायआयत त्याची अनुक्रमणी. वाचनालयाच्या भाषेत एमवायडी म्हणजे फडताळं आणि एमवायआय म्हणजे तालिकेची पेटी, कुठलं पुस्तक कुठे आहे ते सांगणारी कार्डं. सर्व्हर मध्येच बंद पडला तर फडताळातला माल आणि पेटीतली कार्डं जुळेनाशी होतात. बदल आधी एखाद्या रोजकीर्दीत नोंदवून मग करायचा, ही इनोडीबीची सवय मायआयसॅमला नाही. त्यामुळे कुठे अडलं होतं हे त्याला मागाहून सांगता येत नाही.

'रिपेअर टेबल' ही आज्ञा फडताळं एका टोकापासून बघत जाते आणि कार्डं नव्याने लिहिते. हे काम ती चांगलं करते. पण जे पुस्तक तिला नीट उघडता येत नाही ते ती सोडून देते, आणि दुरुस्तीनंतर ते टेबलात राहत नाही. म्हणून मूळ प्रतीवर दुरुस्ती चालवायची नाही, आधी तिन्ही फाइलींची नक्कल घ्यायची. शेअर्ड होस्टिंगवर गिऱ्हाइकाला त्या फाइलींपर्यंत पोहोचता येत नाही. पुन्हा फोन, मग तिकीट, मग तिकिटाची आठवण. तिसऱ्या दिवशी तीन फाइली मिळाल्या. सोबतच्या मेलमध्ये एक ओळ होती, की आदल्या ऑक्टोबरमध्ये त्या सर्व्हरची डिस्क खराब होऊन बदलावी लागली होती. अकरा महिन्यांचा हिशेब तिथे लागला.

मायआयसॅमच्या फाइली उचलून दुसऱ्या यंत्रावर ठेवल्या तरी चालतात, हा त्या जुन्या पद्धतीचा मोठा गुण. मायएसक्यूएल ८ ने एफआरएम फाइल वापरणं सोडलं आहे, म्हणून मी घरच्या लॅपटॉपवर ती अजून वापरणारा मारियाडीबी बसवला, नकलेची नक्कल केली आणि तपासणी चालवली. अनुक्रमणीच्या मथळ्यात नोंदींची संख्या होती: ४१२. नुसती अनुक्रमणी सुधारणारी वरवरची दुरुस्ती फसली. पूर्ण दुरुस्ती चालली आणि तिने शेवटी सांगितलं, नोंदी ४१२ च्या ४०१ झाल्या.

अकरा गेल्या. पण ४०१ आल्या होत्या, आणि मी त्या वाचायला उघडल्या. मराठी नव्हतीच. ओळीच्या ओळी एकाच साच्याच्या: डोक्यावर तिरपी रेघ असलेलं रोमन ए, त्यानंतर कधी चलनाचं गोल चिन्ह, कधी येनचं चिन्ह, मग काहीतरी तिसरं. पुन्हा तोच ए. ज्यांनी जुन्या मराठी साइट हाताळल्या आहेत त्यांना हा कचरा लांबून ओळखू येतो. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, मग ते अक्षर असो, काना असो की हलन्त, तीन बाइटांचं असतं. 'पुस्तक' या शब्दाला अठरा बाइट लागतात. त्यातला पहिला बाइट नेहमी ई०, दुसरा ए४ किंवा ए५. ते बाइट लॅटिन-१ म्हणून वाचले की ई० चा तो रेघवाला ए होतो, ए४ चं चलनचिन्ह आणि ए५ चं येन. मजकूर बिघडलेला नव्हता, चुकीच्या लिपीच्या पाटीखाली ठेवलेला होता. मूळ कॉन्फिगमध्ये अक्षरसंचाची ओळ कुणीतरी रिकामी सोडलेली, त्यामुळे सगळी साइटच त्या पाटीखाली उभी राहिली होती. २०१७ मध्ये साइट सांभाळणाऱ्या माणसाने बाकीची टेबलं रीतसर सुधारून घेतली. हे मात्र त्याच्या यादीत नव्हतं, कारण या टेबलाचं प्लगइन तोवर गेलं होतं.

इथे घाईने 'यूटीएफ-८ मध्ये रूपांतर कर' असं सांगितलं तर डेटाबेस त्या रेघवाल्या ए-चंच प्रामाणिक रूपांतर करतो, आणि गुंता दुप्पट होतो. रकान्याला आधी ब्लॉब, म्हणजे निव्वळ बाइटांचा गठ्ठा, म्हणून जाहीर करायचं, म्हणजे तो लिपीबद्दलचा सगळा समज सोडून देतो. मग त्याच गठ्ठ्याला यूटीएफ-८ ची पाटी लावायची. दोन आज्ञा. दुसरी संपली, पान ताजं केलं, आणि पडद्यावर पहिलं वाक्य आलं: कुणीतरी लिहिलं होतं की डिसेंबर १९६७ मध्ये पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा त्यांचे वडील आधी मुलांना बाहेर काढून मग वाचनालयाकडे धावले, कारण किल्ली त्यांच्याकडे होती.

त्या रात्री मी झोपले नाही. भाजीच्या पिशवीत कादंबरी लपवून नेणाऱ्या सुना होत्या. दिवाळी अंकांचा गठ्ठा आपल्या गाडीने फुकट आणणारे एसटीचे ड्रायव्हर होते. मस्कतहून लिहिणारे एक गृहस्थ होते, ज्यांनी अनामत रक्कम परत न घेताच गाव सोडलं होतं आणि अजूनही स्वतःला सभासद समजत होते. रकान्याची मर्यादा २५५ बाइटांची असल्याने काही शीर्षकं ऐंशी-नव्वद चिन्हांवर तुटली होती, एखादं तर अक्षराच्या ऐन मध्यावर. पण आतला मजकूर शाबूत होता.

राहिलेल्या अकरांसाठी मूळ एमवायडी फाइल बाइटांच्या स्वरूपात उघडली. साधारण मध्यावर शून्यांचं एक मैदान होतं. मोजलं तर बरोबर १२,२८८ बाइट. डिस्कचे ४,०९६ बाइटांचे तीन ठोकळे. एवढाच भाग गेला होता. मी एक छोटा प्रोग्राम लिहिला, जो फाइलीत ई० ए४ आणि ई० ए५ शोधत जाईल आणि सापडलेली देवनागरी दुरुस्त टेबलाशी ताडून, जी तिथे नाही तीच दाखवेल. मैदानाच्या दोन्ही कडांना आणि इतरत्रही काही तुकडे मिळाले. मायआयसॅम एखादी नोंद पुढे वाढली तर तिचा उरलेला भाग दुसरीकडे ठेवतो, त्यातले काही तुकडे शाबूत फडताळात होते आणि त्यांची जोडी शून्यात गेली होती. चार आठवणी अशा अर्ध्या हाती आल्या. प्लगइन प्रत्येक मजकुराआधी त्याची लांबी बाइटांत लिहून ठेवायचं. एकीपुढे १,५३० लिहिलं होतं आणि माझ्याकडे ७१४ होते. म्हणजे छापील चार-पाच ओळी कमी. किती गेलं हे इतकं नेमकं कळणं फार त्रासाचं असतं.

सात पूर्ण गेल्या होत्या. त्या कुणाच्या हेही कळत नव्हतं. तेव्हा बाईंनी विचारलं, "फॉर्म भरला की मेल यायची ना आपल्याला? ती बघितलीस?" मी बघितली नव्हती, मला सुचलंच नव्हतं. वाचनालयाच्या खात्यात २०१४ च्या त्या मेल होत्या. मजकूर नव्हता त्यात, 'नवीन आठवण आली आहे' एवढं आणि पाठवणाऱ्याचं नाव, तारीख. आम्ही दोघी यादी घेऊन बसलो, ४०५ नावांवर खूण केली, सात उरली. सातही नावं बाईंना माहीत होती.

फोन त्यांनीच केले. एकाने आपला मजकूर वहीत उतरवून ठेवला होता, त्याने वहीचा फोटो पाठवला. तिघांनी पुन्हा सांगितलं, बाईंनी लिहून घेतलं. दोघं वारले होते. एकीचा पत्ता लागला नाही. अर्धवट चारपैकी दोघांनी आपल्या ओळी पुऱ्या करून दिल्या. उरलेल्या दोन आम्ही जिथे तुटल्या तिथेच ठेवल्या.

प्लगइन लिहिणाऱ्यांवर माझा राग आहे, पण तो नीट सांगायला हवा. प्लगइन पुसताना मागचं आवरून जायची सोय वर्डप्रेसने त्यांना दिलेली आहे. या प्लगइनने ती वापरली नव्हती आणि म्हणूनच आठवणी वाचल्या. टेबल मागे ठेवलं हे बरंच केलं. गुन्हा हा, की ठेवलं ते कुणालाही न सांगता. पुसण्याचं बटण दाबताना 'तुमच्या ४१२ नोंदी या नावाच्या टेबलात राहतील, आधी उतरवून घ्या' हे एक वाक्य समोर आलं असतं, तर २०१७ च्या त्या माणसाने त्या नक्की उतरवल्या असत्या. त्याला दोष देणं मला जमत नाही. माझ्याआधीच्या माणसाचं दप्तर न बघता मी ते ताब्यात घेतलं, हा दोष माझा.

साइट नव्या ठिकाणी हलवण्याआधी मी सगळी उपरी टेबलं एकेक करून उघडली. एकोणीस होती. कोणत्या प्लगइनचं, आत काय, किती नोंदी, ठेवायचं की काढायचं आणि का, अशी यादी करून कार्यवाहांना दिली. त्यांनी ती कार्यकारी मंडळापुढे ठेवली. अकरा टेबलं काढून टाकण्याचा ठराव झाला, त्यात आठवणींचंही होतं, कारण तोवर त्या नव्या टेबलात, दोन वेगळ्या डिस्कवर आणि कागदावर होत्या. ठरावाची प्रत मिळाल्यावरच मी ड्रॉपची आज्ञा दिली. इतिवृत्तात बाईंनी त्या कलमाला 'निर्लेखन' हेच नाव दिलं.

४०७ पूर्ण आणि दोन अपूर्ण आठवणींचा बांधीव खंड वाचनालयात आहे. त्याला दाखल अंक मिळाला आहे आणि तो वरच्या मजल्यावर ठेवला आहे. शेवटच्या तीन पानांवर फक्त नाव आणि तारीख आहे.

बॅकअपसाठी बाईंनी एक साधी वही घातली आहे. दर सोमवारी त्या फाइल उतरवून घेतात, उघडून आत आठवणींचं टेबल दिसतं का ते पाहतात आणि आकार लिहून सही करतात. गेल्या सोमवारची नोंद ३८ एमबीची आहे.